स्पिनिंगवाल्या काकांची सरासरी

दिनांक: दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊ. स्थळ: बोईसर, आमच्या वर्कशॉपात मालकांची केबिन. हजर: मालक, मी, आणि चहा ठेवायला येऊन तिथेच रेंगाळलेला पॉलिशवाला. गैरहजर: ज्यांच्यासाठी बैठक बोलावली होती ते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या यंत्रांनी मिळून जेवढे नखरे केले नसतील, तेवढे आमच्या स्पिनिंगवाल्या काकांनी एकट्याने केले आहेत. हे मी रागाने म्हणत नाही. मी इथे स्टोअर, प्लॅनिंग आणि ज्याला कुणी वाली नाही ते सगळं बघते, आणि दिसेल त्या गोष्टीची यादी करते. काकांच्या नखऱ्यांची यादीही एकदा करायला घेतली होती. ती पूर्ण झाली नाही, कारण निम्म्या नखऱ्यांमागे कारण निघालं आणि उरलेल्या निम्म्यांची मला सवय झाली.

काकांचं काम, म्हणजे पत्र्याचं स्पिनिंग, सांगायला सोपं आहे. लेथवर एक भरीव फर्मा बसवायचा, आपल्याला हव्या त्या आकाराचा. त्याच्या तोंडाशी पत्र्याची गोल चकती घट्ट दाबून धरायची आणि दोन्ही गरगर फिरवायचं. मग टोकाला गुळगुळीत गोलाई असलेलं लांब हत्यार काखेत धरून, अंगाचा भार टाकून, तो फिरता पत्रा हळूहळू फर्म्यावर निजवायचा. साचा नाही, प्रेस नाही, जोड नाही. जाताना सपाट पत्रा, येताना घुमट, नाहीतर शंकू. बघणाऱ्याला वाटतं की पत्रा आपण होऊनच वळतोय. एकदा मी कौतुकाने म्हणाले, "काका, अगदी कुंभाराच्या चाकासारखं दिसतं हो." चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पाचव्या दिवशी आपण होऊन म्हणाले, "ताई, कुंभाराचं बिघडलं तर तो माती परत गोळा करतो. माजं बिघडलं तर भंगार. दोगांना एका पंगतीत बसवू नका."

काका किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीतलं, आजही तिघे भाऊ बोटीवर असतात. काकांना मात्र बोट लागते. किनारा दिसेनासा व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. सोळाव्या वर्षी वडिलांनी तिसऱ्यांदा त्यांना ओलं करून परत आणलं आणि सांगितलं, की तू आता जमिनीवरच काहीतरी बघ. तेव्हापासून ते पत्र्यावर आहेत. भाऊ अजून चिडवतात, "हा आमचा कोरडा भाव हाय." काका उलट म्हणतात, "तुमी दर्यावर जाता आणि येताना निम्म्या वेळी रिकामे येता. मी चकती लावली की कायतरी निघतंच." फिरत्या पत्र्याची कड थरथरून तिला चुण्या पडायला लागल्या, की मात्र ते तोंडातल्या तोंडात "लाट आली, लाट आली" म्हणतात आणि चेहरा असा करतात, की आपण बादली आणायला धावावं.

आता सवयी. पत्रा मुंबईहून आला की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. "टेम्पोत आपटत आलाय. एक दिवस पडू दे." धातूला असा काही थकवा येत नसावा, हे मलाही कळतं. तरी माझ्या रजिस्टरात आवक, जावक आणि शिल्लक यांच्या शेजारी विश्रांती असा रकाना आहे आणि तो मी रोज भरते. दुसरं म्हणजे साबण. पत्र्यावर हत्यार सरकावं म्हणून काका कपडे धुवायची पिवळी वडी चोळतात. मी एकदा कंपनीचं खास वंगण मागवलं. काकांनी ते हातावर घेतलं, हुंगलं, त्याने हात धुतले आणि डबा मला परत आणून दिला. "चांगलं हाय. घरी न्या." तिसरं म्हणजे शर्ट. हत्यार उजव्या काखेत दाबून दाबून तिथलं कापड विरतं, म्हणून काकू नवा शर्ट आणला की आधी काखेत ठिगळ लावतात आणि मगच घडी मोडतात. समारंभाच्या शर्टालाही ठिगळ असतं. काकांचं म्हणणं, ठिगळाशिवाय हात कुठे ठेवायचा ते समजत नाही.

समारंभावरून आठवलं. मालकांच्या पुतण्याचं लग्न मासवणला होतं. जेवणाची रांग वरणाच्या मोठ्या टोपापाशी येऊन थांबली, ती पाच मिनिटं हलेचना. पुढे जाऊन पाहिलं तर काका टोपाचं झाकण उलटं करून त्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवतायत. वाढपी कावला होता. "ओ काका, वरण खाली हाय, वर काय बघताय?" काका म्हणाले, "झाकण कोणी केलं?" वाढप्याला काय ठाऊक! काकांनी झाकण ठेवलं, वरण घेतलं नाही, आणि स्टेजवर जाऊन नवऱ्या मुलाचा हात हातात धरून शुभेच्छा दिल्या त्या अशा: "जेवण चांगलं हाय. झाकण घाईत केलंय."

असा हा माणूस, आणि त्याच्याविषयी मंगळवारची ती बैठक. झालं होतं असं, की काकांच्या लेथवर मुख्यतः एकाच गिऱ्हाइकाचं काम चालतं. मोठ्या पंख्याच्या तोंडाशी बसणारा ॲल्युमिनियमचा शंकू, ज्याला आम्ही सगळे कोन म्हणतो. त्या गिऱ्हाइकाने कळवलं, की सोमवारी आमचा ऑडिटर येईल, आणि त्याला दोन गोष्टी दाखवा. एक, हा कोन कसा करतात ते टप्प्याटप्प्याने लिहिलेला कागद. दोन, काका नसले तर काम करू शकेल असा दुसरा कारागीर. नाहीतर काम वापीच्या ऑटोमॅटिक मशीनवाल्याकडे जाईल. मालक वाईट माणूस नाहीत, पण स्पष्ट आहेत. म्हणाले, "कोन गेला तर लेथ कशाला ठेवू? विकतो, आणि त्या कोपऱ्यात पावडर कोटिंग टाकतो. तुम्ही काकांना कागदावर उतरवा. तुम्हीच उतरवू शकाल."

दुसऱ्या कारागिराचा प्रश्न मला सोपा वाटला. पॉलिशवाला समोरच उभा होता. गोरखपूरचा, चाळिशीतला, अंगाने दणकट, हात स्थिर. तो त्याच दुपारी काकांकडे गेला. काकांनी त्याला यंत्राशेजारी उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, पत्रा काय बोलतो ते ऐक. मंगळवारी दुपारभर ऐकलं. बुधवारी ऐकलं. गुरुवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. "दीदी, ये आदमी काम नहीं सिखाता, ध्यान लगवाता है." मी म्हटलं, जरा धीर धर. तो म्हणाला, "चाचा की तो मशीन से शादी हुई है. हम बीच में क्यों पड़ें?" मागून काका आले होते. म्हणाले, "आणि तुजी बायको तुजं ऐकते काय रे? माजं मशीन माजं ऐकतं." पॉलिशवाला हसत हसत बफिंगच्या मशीनवर परत गेला तो गेलाच.

राहिला कागद. मी तक्ता आखला: टप्पा, वेग, हत्यार, दाब, फेऱ्या. आणि स्टूल घेऊन काकांच्या शेजारी बसले. वेग लगेच मिळाला, पट्टा दुसऱ्या पुलीवर असतो. हत्यारही दिसत होतं. पत्रा आधी मऊ करायला तापवतात, म्हणून विचारलं, "किती तापवायचा?" काकांनी चकतीला साबण फासला, गॅसची ज्योत फिरवली आणि म्हणाले, "साबण चहासारखा झाला की बास."

"कोणत्या चहासारखा?"

"दुधाच्या."

"काका, चहाचे रंगही वेगवेगळे असतात."

"मग आमच्या घरच्या चहासारखा लिवा. ऑडिटरला शंका आली तर दांडीला येईल. काकू पाजेल."

दाबाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर त्यांनी बराच विचार केला. "झोपलेल्या माणसाला बाजूला सारताना लावतो तेवढा. तो उठला नाय पायजे, पण सरकला पायजे." मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी 'मध्यम' असं केलं. मग फेऱ्या. हत्यार आतून बाहेर किती वेळा न्यायचं? "सहा-सात," काका म्हणाले. "पत्रा चांगला असला तर पाच. मालक मागं उभा असला तर चार." याने माझं समाधान होणार नव्हतं. मी शुक्रवारभर दहा कोन मोजले. पाच, सात, सहा, सहा, आठ, असं काही काही. दोनदा तर त्यांनी मध्येच यंत्र थांबवलं, चकती काढली, परत तापवली आणि परत लावली. ते दोन मी अपवाद म्हणून सोडून दिले आणि बाकीच्यांची सरासरी काढली. सहा आली. बरोब्बर सहा. मला इतका आनंद झाला, की मी कागद छापून, प्लास्टिकमध्ये घालून काकांच्या लेथवर क्लिपने लावला. काकांनी चष्मा चढवून तो वाचला आणि विचारलं, "हे सगळं मी करतो?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले. त्या 'बरं'कडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

सोमवारी ऑडिटर आला. सौम्य बोलणारा, चकचकीत बूट घातलेला माणूस. खर्चाच्या सामानात साबणाच्या बारा वड्या बघून त्याने "इथे कपडे कोण धुतं?" असं विचारलं, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत होतं. मग तो लेथपाशी आला, कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "छान. आता यात लिहिलंय अगदी तसंच करून दाखवा."

आता मला काकांची काळजी वाटत होती ती अशी, की ते कागदाकडे ढुंकून बघणार नाहीत आणि काहीतरी तिरकस बोलतील. पण काकांनी खिशातून चष्मा काढला. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना काम करताना चष्मा लावलेला पाहिलं नव्हतं. चकती तापवली, लावली, यंत्र सुरू केलं आणि प्रत्येक फेरीला कागदाकडे बघत पुटपुटायला लागले, एक, दोन. तिसऱ्या फेरीला त्यांचा हात अडखळला. शुक्रवारी मोजताना दोनदा जे पाहिलं होतं ते मी ओळखलं. पत्रा कडक झाला होता. आता ते यंत्र थांबवतील, चकती काढतील आणि परत तापवतील. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. आणि चौथी फेरी घेतली. पाचव्या फेरीला गळ्यापाशी पत्रा टर्रकन फाटला.

यंत्र थांबलं. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, कारण कुठेतरी पाहायला हवं होतं. ऑडिटरने विचारलं, "असं का झालं?"

काका म्हणाले, "पत्रा आजच आलाय. दमलेला होता."

पत्रा आजचा नव्हता. पत्रा शनिवारचा होता आणि रविवारची त्याची विश्रांती माझ्याच अक्षरात रजिस्टरात लिहिलेली होती. ज्या माणसाने लग्नातल्या झाकणाला सोडलं नाही, तो माणूस माझ्या कागदाला खोटं पाडायला नको म्हणून परक्या माणसासमोर कोन फाडून उभा होता. मी क्लिप काढली, कागद हातात घेतला आणि म्हटलं, "पत्रा बरोबर आहे. कागद चुकलाय. मी सरासरी काढली. पत्रा कडक लागला तर मध्येच परत तापवावा लागतो, ते मी गाळलं."

"गप बसा ना ताई," काका हळूच म्हणाले. "जात होतं निभावून."

"काय निभावून जात होतं? लेथ विकायला चालली होती!"

ऑडिटर दोघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कागद बाजूला ठेवा. तुम्ही नेहमी करता तसा एक करा." काकांनी चष्मा खिशात टाकला. दुसरी चकती लावली, तीन फेऱ्या, थांबले, काढली, तापवली, लावली, आणखी चार. ऑडिटरने आकार तपासायचं स्वतःचं गेज लावलं. उलटं करून लावलं. आत बोट फिरवलं, अगदी काका मासवणला फिरवत होते तसं, आणि त्यामुळे काकांना तो आवडायला लागला. त्याने फॉर्मवर लिहिलं: माल मान्य. कागद नव्याने करा. मग पेन पुढच्या ओळीवर ठेवून म्हणाला, "दुसरा कारागीर? नाव सांगा."

मालकांनी पॉलिशवाल्याकडे पाहिलं. पॉलिशवाल्याने छताकडे पाहिलं. काका म्हणाले, "ताईंचं लिवा."

मालक हसले. ऑडिटरही हसला. मीही हसले असते, पण काका हसत नव्हते. "हा पोलिशवाला दीड दिवसात पळाला. ही बाई स्टूल घेऊन बसली ती उठली नाय. तिसऱ्या फेरीला पत्रा कडक झाला तो मला कळला आणि तिला कळला. तुमाला कळला काय? मालकाला कळला काय? लिवा." ऑडिटरने लिहिलं. खाली अट घातली, की तीन महिन्यांत या बाईंनी स्वतः केलेला, गेजला बसणारा एक कोन, आणि त्याखाली शिकवणाऱ्याची सही. दोन्ही आलं तर काम इथेच राहील.

माझं वय पन्नासच्या पुढे, गुडघा अधूनमधून बोलतो आणि घरी मला नारळ फोडायलाही शेजारी लागतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी हत्यार काखेत धरलं, आणि त्या क्षणापासून इतक्या वर्षांची 'तुमी ताई' मी 'तू' झाले. "कमरेनं रेट. हातानं नको. हात फक्त वाट दाखवतो." माझ्या पहिल्या कोनाला काकांनी छत्री म्हटलं. दुसऱ्याला पापड. पुढे फेटा, सुरमईचं शेपूट, आणि एकदा नुसतंच "अरे देवा". मी सगळे बारशासह लिहून ठेवले आहेत. काकूंनी माझ्यासाठी दांडीहून चौकोनी ठिगळं पाठवली. ती मी दोन कुडत्यांना लावली, आणि हात कुठे ठेवायचा ते खरोखरच समजायला लागलं.

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला काका एका सकाळी डाव्या हाताने चहा प्यायला लागले, तेव्हा कळलं. उजवा खांदा गेली दोन वर्षं दुखत होता. पालघरच्या डॉक्टरांनी आता हत्याराला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. नवा कोन त्यांच्या हातून होणार नव्हता, आणि माझ्या हातून अजून होत नव्हता. आधी तयार करून ठेवलेला साठा आम्ही थोडा थोडा पाठवत राहिलो. काका मंगळवारी आणि शुक्रवारी टमटमने येतात, हात गळ्यात बांधलेला, माझ्या त्या स्टुलावर बसतात आणि तोंडाने काम करतात. मालकांनी एकदा सुचवलं, की काका, एवढ्या लांबून कशाला हेलपाटे घालता. काका म्हणाले, "हिचा एक कोन नीट होऊ दे. मग मी सुटलो. मग माजं तोंड बघायला दांडीला यावं लागंल."

गेल्या आठवड्यात गुरुवारी, म्हणजे काका नसतानाच्या दिवशी, माझा कोन झाला. तिसऱ्या फेरीला पत्रा कडक लागला, मी काढला, तापवला, परत लावला. कड थरथरली नाही. गेज बसलं. मी उलटं करून लावलं, तरी बसलं. पॉलिशवाला चालत आला, कोन हातात घेऊन उजेडात फिरवला आणि म्हणाला, "दीदी, ये तो चाचावाला है." मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. 'का?' म्हणून न विचारता तो बफिंगला परत गेला.

कोन वर्तमानपत्रात गुंडाळून मी माझ्या कपाटात ठेवला, फॉर्म त्याच्याखाली. शुक्रवारी काका आले, स्टुलावर बसले, म्हणाले, "काल काय केलंस?" मी म्हटलं, "काल स्टोअरची मोजदाद होती, वेळ नाही झाला." "बरं," म्हणाले. मग मला एक चकती लावायला लावली आणि तासभर मनसोक्त ओरडले. मंगळवारी परत आले. परत ओरडले.

फॉर्म महिनाअखेरीच्या आत जायला हवा, नाहीतर लेथ जाईल. हे मला कुणी सांगायला नको. मीच ती तारीख सगळ्यांना सांगत असते. कोन कपाटातून काढायचा, त्यांच्या हातात द्यायचा, सही घ्यायची. दहा मिनिटांचं काम आहे. आज शुक्रवार, काका साडेदहाला येतील. यादीतलं बाकी सगळं मी सकाळीच उरकून टाकलं आहे. तेवढं एक राहिलंय.